नयनची धुंड

नवऱ्याचा फोन कुठे लपवायचा हे वर्षानं आदल्या दिवशीच ठरवून टाकलं होतं. पत्र्याच्या कोठीत, ज्वारीच्या खाली हातभर. आवाज बंद केला तरी थरथर राहतेच, आणि प्रेमचे कान असे की शेजारच्या घरात कुणाचा फोन थरथरला तरी हा आपला खिसा चाचपणार. ज्वारीत मात्र थरथर मुरून जाते. नयनला पाजता पाजता तिनं स्वतःचा फोन कोठीत पुरून, सासऱ्याच्या फोनवरून रिंग देऊन, हे तपासूनसुद्धा पाहिलं होतं. बी.एस्सी. झालेली बाई चोरीही प्रयोग करून करते, असं मनात येऊन तेव्हा तिला हसू आलं होतं.

आता हसू येत नव्हतं. पहाटे तांड्याची होळी पेटली होती, अंगणात अजून धुराचा वास होता. प्रेम न्हाणीत होता आणि ती कोपरापर्यंत ज्वारीत हात घालून उभी होती. हात बाहेर काढून वळली तर दारात सासू.

लालीबाईनं कोठीकडे पाहिलं. मग सुनेच्या हाताला चिकटलेल्या भुशाकडे.

"याडी..." वर्षा म्हणाली. आईला याडी म्हणायचं, आणि या घरात सासूलाही सगळे याडीच म्हणत.

लालीबाई पुढे आली. कोठीचं झाकण लावलं, त्यावर पुऱ्यांचं पीठ मळायची रिकामी परात आणून पालथी घातली. "पोरीले काजळ लाव," ती म्हणाली. "ऊन चढलं का रडते ते."

"एकच दिवस, याडी. धुंड होईपर्यंतच."

"मी काई इचारलं का तुले?"

नयनची पहिली होळी. बाळाच्या पहिल्या होळीला तांड्यात धुंड करतात. घरापुढे बाळाला मांडीवर घेऊन बसायचं, वर एक काठी आडवी धरायची, गेर्‍यांनी म्हणजे तांड्यातल्या जवान पोरांनी गाणं म्हणत त्या काठीवर आपल्या काठ्या वाजवायच्या आणि बाळाला आशीर्वाद द्यायचा. पण इथे आजवर धुंड झाली ती मुलांचीच. नयन झाल्यावर प्रेम तांड्याच्या प्रमुखाच्या, खेमसिंग नायकाच्या ओट्यावर तीनदा जाऊन बसला होता. तिसऱ्या वेळी नायक कंटाळून म्हणाला होता, "कर बाप्पा. पण पोरीची हाय, तं बापानं सोता मांडीवर घेऊन बसावं. आईच्या मांडीवर टाकून पयाला तं मी उठून जाईन."

आणि प्रेमचं तर आयुष्यच पळण्यात चाललेलं. घाटंजीला पाण्याच्या मोटारींचं वाइंडिंग भरायचं त्याचं दुकान होतं, पण दोन वर्षांपूर्वी यवतमाळला जिल्ह्याच्या आपत्ती पथकाचं बारा दिवसांचं शिबिर करून आला, एक नारिंगी जाकीट घेऊन आला, तेव्हापासून आसपासच्या पन्नास गावांतली प्रत्येक विहीर जणू त्याच्या नावावर झाली. विहिरीत बाई पडली, बैल पडला, नाल्याच्या पुरात जीप अडकली, की फोन प्रेमला. पैसा एक नाही. मोठा भाऊ बादल सोबत. दोघांचा नियम ठरलेला: प्रेम खाली, बादल वर दोर धरून. तिसऱ्याच्या हातात दोर द्यायचा नाही.

पौषात दारव्ह्याकडच्या एका विहिरीत प्रेम बेशुद्ध झाला. ते त्यानं तिला सांगितलं नव्हतं. तो भलत्याच माणसाचा शर्ट घालून घरी आला, म्हणून तिला कळलं. तेव्हा नयन दीड महिन्याची होती. त्या दिवसापासून वर्षा त्याच्या परतण्याकडे डोळे लावून बसायला शिकली. गाडी नाल्याच्या वळणावर आली की तिचा आवाज कसा बदलतो, हे तांड्यात फक्त तिलाच माहीत होतं.

प्रेम डोकं पुसत आत आला. "माहा फोन पाह्यला का?"

"चार्जिंगले असन."

त्यानं भिंतीकडे पाहिलं. चार्जरची वायर रिकामी लोंबत होती. त्यानं घरभर एक नजर फिरवली आणि मग नयनला उचललं. "असन," तो म्हणाला. "चाल वं माय, नायकाले तोंड दाखवून येऊ."

•

संगीता परसात चुलीवर पुऱ्या तळत होती. ती या घरची थोरली सून, बादलची बायको, आणि आजच्या दिवसाचं सगळं स्वयंपाकपाणी तिच्या हुकमानं चाललं होतं. बादल सकाळीच नारळ आणि गूळ आणायला घाटंजीला गेला होता. दहा वाजत आले, तरी पत्ता नव्हता.

"दोन नारळाले तीन तास," ती सासूला म्हणाली. "तुमचा पोरगा नारळाचं झाड लावून वापस येते वाट्टे."

तेवढ्यात सासरा, लालसिंग, अंगणातून आत आला. म्हातारा कधी परसात येत नसे. हातात त्याचा बटनांचा फोन, आणि मागे नयनला छातीशी धरून प्रेम.

"बादल इहिरीत उतरला," लालसिंग म्हणाला. "वामनरावच्या वावरात. कोणा पोराचा फोन आलता. उतरला, अन् आवाज देत नाई म्हणे."

"भिया उतरला?" प्रेम वेड्यासारखा म्हणाला. थोरल्या भावाला तो भियाच म्हणायचा. "भिया कायले उतरते? नव्वद किलोचा माणूस! त्यानं मले फोन काहून नाई केला?"

लालीबाई उठली. घरात गेली, कोठीवरची परात काढली, झाकण उघडलं, आणि ज्वारीत हात घालून फोन बाहेर काढला. तो तिनं पदरानं पुसला आणि प्रेमच्या हातात दिला.

अकरा मिस्ड कॉल. सगळे बादलचे.

संगीतानं ते पाहिलं. प्रेमनं पाहिलं. मग त्यानं नयनला वर्षाच्या हातात दिलं. तिच्याकडे असं पाहिलं की वर्षाला वाटलं, आता काहीतरी बोलेल. पण तो भिंतीवरचा दोर आणि जाकीट घेऊन पळाला. गाडी सुरू झाली. वळण, नाला, आणि मग काहीच ऐकू येईना.

संगीता झाऱ्या हातात घेऊन तशीच उभी होती. तिचा नवरा नेहमी वर असायचा. पौषात वर्षा रडत होती तेव्हा तीच म्हणाली होती, रडू नको, दोर माह्या माणसाच्या हातात हाय. आणि मनात एक गोष्ट लपवून ठेवली होती, की बरं झालं, देवानं माह्या माणसाले वजन देलं.

"कोठीत फोन कसा गेला?" तिनं विचारलं.

"म्या ठेवला," लालीबाई म्हणाली.

"याडी, तुमाले फोन उचलता येते, बंद करता नाई येत. आवाज कोणं बंद केला?"

लालीबाईनं तोंड उघडलं, पण त्याआधीच वर्षा बोलली. "म्या केला, ताई. याडीनं नाई. म्याच ठेवला."

"काहून?"

"आज... आजचा दिवस ते घरी राहावे म्हणून."

"तुह्या माणसाले घरात ठेवलं," संगीता म्हणाली, "अन् माह्याले इहिरीत घातलं."

वर्षा मान खाली घालून उभी राहिली. नयन तिच्या गळ्यातला मणी तोंडात घालायला धडपडत होती. "ताई, भियाले सांगा का म्या..."

"मी नाई सांगत!" संगीताचा आवाज चढला. जेठापुढे, म्हणजे थोरल्या दिरापुढे, डोईवर पदर घ्यायचा आणि त्याच्याशी थेट बोलायचं नाही, अशी या घरची रीत. लग्नाला तीन वर्षं झाली, वर्षाचा एक शब्द बादलच्या कानावर सरळ गेला नव्हता. "तीन साल तुह्ये निरोप मीच पोचवले. भियाले चहा देऊ का इचारा, भियाले म्हणा जेवण वाढलं. हा निरोप मी नाई नेत. हा तुह्या तोंडानं दे. आला तं."

'आला तं' हे शब्द तोंडातून निघाले आणि तिलाच ऐकवेनात. ती चुलीपुढे मटकन बसली. कढईतली पुरी काळी पडत होती. तिला दिसत होतं, पण हात उचलेना.

वर्षानं नयनला सासूकडे दिलं. संगीताच्या हातातून झाऱ्या अलगद काढून घेतला, जळकी पुरी बाहेर टाकली आणि दुसरी सोडली. दोघी जावा एका चुलीपुढे बसल्या होत्या आणि मध्ये तेल तडतडत होतं. कुणी कुणाकडे पाहत नव्हतं. लालीबाई नयनला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारत होती, आणि मधूनच बंजाऱ्यांच्या गोरबोलीत काहीतरी पुटपुटत होती. ते नयनसाठी होतं की बादलसाठी, हे कुणालाच कळलं नाही.

"पाणी आण," चार घाणे निघाल्यावर संगीता म्हणाली. "तोंडाले कोरड पडली."

वर्षा पळत गेली.

•

नायकाच्या ओट्यासमोर गेर्‍ये बसले होते. तोंडं रंगानं माखलेली, कमरेला काठ्या, डफडं उन्हात पडलेलं. पहाटेपासून नाचून त्यांना भूक लागली होती, आणि संगीताच्या चुलीचा वास इथवर येत होता.

"लालसिंग," खेमसिंग नायक म्हणाला, "बारा वाजले. गेर्‍यायले पलीकडच्या तांड्यातबी जाच हाय. पोरगा तं नाई. मी म्हटलतं का नाई?"

लालसिंग ओट्याच्या कडेला बसला होता. बटनांचा फोन मांडीवर. तो वाजत नव्हता, आणि वाजला तर काय ऐकावं लागेल या भीतीनं त्याला तो वाजायलाही नको होता. दोन्ही पोरं आज एकाच विहिरीवर. लहानपणी त्यानंच त्यांना शिकवलं होतं, विहिरीत उतरायच्या आधी दिवा सोडून पाहावा. दिवा विझला तर उतरू नये.

"म्हटलतं," तो म्हणाला. "तुह्या आज्यानंबी एक गोष्ट सांगलती, नायक. आठवते काय?"

"कोणती?"

"लदेणीची." त्यांचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुख पालथा घालायचे, ती लदेणी. "एक बैल दरीत उतरला, तं त्याच्यामागं गेलेला माणूस वापस येईपर्यंत पुढचा बैल हालत नव्हता. दिवस गेला तं दिवस. तुह्या आज्यानंच नाई सांगतलं, का दोन रोज थांबलो, मीठ भिजलं, पण माणूस आला?"

नायक नाकावरचा चष्मा काढून धोतरानं पुसत राहिला.

"माह्ये दोन गेले हायेत," लालसिंग म्हणाला, आणि मांडीवरचा फोन पालथा केला.

खेमसिंगनं चष्मा घातला. गेर्‍यांकडे पाहिलं. "बसा रे पोट्टेहो. कोणी कुठी जात नाई."

"नायक, भूक लागली!" एकानं मागून म्हटलं.

"तुह्या भुकेले मी काय करू? बादल्यानं तुले तळ्यातून काढलतं का नाई बे? तवा त्यानं पुऱ्या खाऊन येतो म्हटलतं काय?"

मग त्या पोरानंच डफडं उचलून सावलीत ठेवलं.

•

प्रेम पोचला तेव्हा विहिरीभोवती पन्नास माणसं होती, आणि पन्नासही माणसं आत वाकून पाहत होती. लिंबाखाली वामनरावाचा सालगडी उकंडा पडला होता. ओकून झालं होतं, पण श्वास चालू होता.

"इंजन बंद पडलं म्हणून उकंडा उतरलता," वामनराव सांगत होता. "लाइन दिवसा नाई राहत, म्हणून डिझेलचं इंजन खालच्या कट्ट्यावर ठेवलं होतं. उकंडा पडला. बादलभाऊ रस्त्यानं चाललते, ते थांबले. तुमाले फोन लावत राह्यले. मंग कंदील सोडला. विझला नाई, प्रेमभाऊ! आम्ही साऱ्यायनं पाह्यला, चांगला जळत होता. म्हणून उतरले. आपल्या कमरेचा दोर सोडून त्याईनं उकंडाले बांधला, आम्ही उकंडाले वर ओढला, अन् पुन्हा दोर सोडला तं भाऊ..."

कंदील अजून खाली जळत होता. प्रेमनं तो पाहिला. शिबिरात सांगितलं होतं: इंजनाच्या धुराला दिवा विझत नाही. माणूस विझतो. घरी येऊन त्यानं हे बादलला सांगितलंही होतं. बादल म्हणाला होता, दिवा सोडाले शिकवणारे आपले बापू का येडे हायेत?

त्यानं पुढचं सगळं ओरडून करून घेतलं. लिंबाच्या मोठ्या फांद्या तोडा, दोराला बांधा, आत सोडा अन् वर ओढा, थांबायचं नाही. बादल्या भरभरून पाणी आत फेका. पन्नास माणसांना काम मिळालं की ती माणसं होतात. दहा मिनिटं फांद्यांनी विहीर ढवळली गेली. दहा मिनिटं म्हणजे किती, हे प्रेमला त्या दिवशी कळलं.

त्या दहा मिनिटांत तो काठावर कमरेला गाठ मारत उभा होता, आणि त्याच्या डोळ्यांपुढे विहीर नव्हती. सकाळची चार्जरची रिकामी वायर होती. आणि कोठीवर पालथी घातलेली परात. परात कोठीवर कधी नसते. ते त्यानं पाहिलं होतं. तेव्हाच समजलं होतं. हात लांब केला असता तर फोन मिळाला असता. पण नयनचं डोकं त्याच्या मानेत होतं, काजळ त्याच्या शर्टाला लागलं होतं, आणि त्याला वाटलं होतं, राहू दे ना. एक दिवस.

"धरा," तो म्हणाला. दोर आज तिसऱ्यांच्या हातात होता. "शंभर आकडे मोजजा. शंभरले मी हलवला नाई तं मले ओढजा."

बादल कट्ट्यावर एका कुशीवर पडला होता. ओठ गुलाबी, जणू झोपलेला. प्रेमनं सोबत सोडलेला दुसरा दोर त्याच्या काखेतून घातला, गाठ मारली. नव्वद किलो. "भिया," तो कानात म्हणाला, "भिया, नारळ कुठी ठेवले?" त्यानं दोर हलवला. वरून ओढ लागली. बादलचा खांदा दगडाला घासत वर गेला, तेव्हा एक कण्हणं ऐकू आलं. इतकं सुंदर काही प्रेमनं आयुष्यात ऐकलं नव्हतं.

•

गाडीचा आवाज वर्षानं सगळ्यांआधी ऐकला. पण तो प्रेमच्या गाडीचा नव्हता, वामनरावाच्या जीपचा होता, आणि मागे प्रेमची गाडी. दुपारचे साडेतीन. एकच्या सुमारास दवाखान्यातून प्रेमचा फोन आला होता, भिया शुद्धीवर हाये, एवढाच.

बादल स्वतःच्या पायांनी उतरला. उजवा हात गळ्यात बांधलेला, चेहरा राखेसारखा. घाटंजीच्या दवाखान्यात दोन तास ऑक्सिजन लावला होता. डॉक्टर राहा म्हणत होते, पण हा पोरीची धुंड आहे म्हणून हट्टाला पेटला, तेव्हा उद्या सकाळी पुन्हा दाखवायच्या बोलीवर सोडलं. उकंडा तिथेच होता, बोलत होता, चहा मागत होता.

संगीता त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. वरपासून खालपर्यंत पाहिलं. "नारळ?" ती म्हणाली.

"वावरातच राह्यले."

"दोन नारळ आणाले धाडला होता तुमाले," ती म्हणाली आणि तिथेच अंगणात सगळ्यांदेखत रडायला लागली. बादल डाव्या हातानं तिच्या पाठीवर थोपटत राहिला आणि 'अवं, अवं' एवढंच म्हणत राहिला.

त्याला बाजेवर निजवलं. लालीबाईनं गुळाचं पाणी पाजलं. लालसिंग पायाशी बसला, मुलाच्या तळपायाला हात लावून. वर्षा आतल्या दारात उभी होती. आपला पाय उंबऱ्याबाहेर पडत नाही, हे तिला जाणवत होतं. कोठीत घालताना हातसुद्धा इतका जड झाला नव्हता. संगीतानं एकदा मान वळवून तिच्याकडे पाहिलं. बोलवलं नाही, थांबवलंही नाही.

वर्षानं डोईवरचा पदर पुढे ओढला आणि बाजेजवळ गेली.

"भिया," ती म्हणाली.

लालसिंगनं मान वर केली. सुनेनं जेठाला हाक मारलेली या घरानं ऐकली नव्हती.

"फोन म्या लपवला. कोठीत, ज्वारीत. तुम्ही अकरा बार लावला, त्याईले ऐकू नाई आला. माह्यामुळं. त्याईची काईच चूक नाई."

"हाये," मागून प्रेम म्हणाला. तो दारात उभा होता, तळहातांना दोरानं फोड आलेले. "मले समजलं होतं, भिया. कोठीवर परात पाह्यली म्या. समजलं, अन् म्या शोधलाच नाई."

वर्षानं वळून त्याच्याकडे पाहिलं. तिला हे माहीत नव्हतं. विचार करून करून दिवसभरात तिनं स्वतःला शंभर शिक्षा दिल्या होत्या, आणि त्या सगळ्या वेळी त्या चुकीत हा माणूसही तिच्या बाजूला उभा होता, हे तिला आता कळत होतं.

बादल छताकडे पाहत होता. मग बायकोकडे वळला.

"हिचा आवाज असा हाये काय?" तो म्हणाला. "मले वाटलं बारीक असन."

"तुमाले मस्करी सुचते?" संगीता म्हणाली.

"मस्करी नाई. तीन साल झाले, मी म्हणत होतो पोरगी बोलते तरी का नाई." त्यानं ओठ ओले केले. बोलताना त्याला धाप लागत होती. "प्रेम्यानं मले सांगतलं होतं, इंजनाच्या धुवाले दिवा नाई इझत म्हणून. म्या म्हटलं बापूले काय कमी समजते. तं माहीबी हाये त्यात." मग पहिल्यांदाच तो सरळ वर्षाकडे पाहून बोलला. "पण पोरी, हे बरं नाई केलं तू. उकंडाले तीन लेकरं हायेत. जाऊ द्याचं नसन तं दारात आडवी पड. भांड. गाडीची चाबी नाल्यात फेक. पण हाक देणाराची हाक दाबू नको."

"नाई दाबणार," वर्षा म्हणाली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला पदर हलवावा की नको, हे तिला कळत नव्हतं. "पण भांडीन."

"भांड ना. त्याले मी हाये काय अडवणारा?"

"भांडते ते," प्रेम म्हणाला. "रोजच भांडते."

"रोज कुठी भांडली मी?" वर्षा पदराआडून म्हणाली, आणि लालीबाईला एकदम हसू फुटलं. ती तोंडाला पदर लावून आत गेली.

बाहेर डफडं वाजलं. नायक अंगणात आला होता, आणि मागे भुकेलेले गेर्‍ये. "बाप आला काय रे?" तो ओरडला. "का अजून कोणती इहीर राह्यली?"

अंगणात घोंगडी टाकली होती. प्रेम मांडी घालून बसला, तसाच, चिखलाच्या पँटीवर. लालसिंगनं नयनला त्याच्या मांडीवर दिलं. तळहात सोलले होते म्हणून तिला नीट धरता येईना, तेव्हा वर्षा शेजारी बसली आणि आपला हात त्याच्या हाताखालून घातला. त्याच्या हाताचे फोड तिच्या मनगटाला लागले. दोर किती घट्ट धरला असेल, असं तिला वाटलं. आणि पुढच्या महिन्यात, पुढच्या आठवड्यात, कदाचित उद्याच, हा पुन्हा जाईल, हेही. भीती कुठेच गेली नव्हती. ती तिच्याशेजारी घोंगडीवर बसली होती.

"काठी कोण धरते?" नायकानं विचारलं. "रीतीनं पोरीचा मोठा बाप, बापाचा थोरला भाऊ धरते."

"मी धरतो," आतून बादल म्हणाला.

"तुम्हाले उभं राहता येते काय?" संगीता ओरडली, पण तो बाहेर आलाच होता, भिंतीला धरून. डाव्या हातात त्यानं काठी घेतली आणि नयनच्या डोक्यावर आडवी धरली. काठीचं दुसरं टोक नायकानं धरलं. गेर्‍यांनी गाणं सुरू केलं. पहिली काठी वाजली आणि बादल झोक जाऊन एका बाजूला कलला.

संगीता गेर्‍यांच्या गर्दीतून आत घुसली. दोन पोरांना कोपरानं बाजूला सारून ती नवऱ्याच्या मागे उभी राहिली आणि त्याचा शर्ट कमरेपाशी मुठीत घट्ट धरला. धुंडीच्या गोलात बाई उभी राहिलेली कुणी पाहिली नव्हती. गाणं क्षणभर अडखळलं. पोरांनी नायकाकडे पाहिलं.

"मले कायले पाहता?" खेमसिंग म्हणाला. "वाजवा."

काठ्या वाजायला लागल्या. नयननं डोळे मोठे करून वर पाहिलं. रडली नाही. दचकून दचकून पाहत राहिली आणि तिचं टोपरं हळूहळू डोळ्यांवर सरकत आलं. वर्षाचे दोन्ही हात खाली अडकलेले. ते टोपरं नाकापर्यंत आलं तेव्हा वरून एक हात आला, पुरीच्या तेलाचा वास असलेला. एका मुठीत नवऱ्याचा शर्ट तसाच धरून संगीता वाकली होती. तिनं टोपरं मागे सारलं, हनुवटीखालची गाठ पुन्हा नीट बांधायला दुसरा हात मोकळा नव्हता, म्हणून वर्षाच्या तोंडासमोर नाडी धरली.

"धर इकडून," ती म्हणाली.

वर्षानं नाडीचं टोक दातांत धरलं, आणि संगीतानं गाठ ओढली.